टाळूकडे बघ

लोणी काळभोर

चि. बाळ,


पुढच्या महिन्यापासून दवाखाना तू बघणार. कपाटं, वह्या सगळं लावून ठेवलंय. एक गोष्ट मात्र लिहूनच सांगायला हवी.

इथे पोराचं तोंड आलं की आई निदान घेऊनच येते, “उष्णता झालीय.” गुलकंद, सब्जा देऊन झालेलं असतं, आपण बी-कॉम्प्लेक्स लिहितो. बहुतेकदा तेवढ्यावर भागतंही. मीही एका बारा वर्षांच्या मुलीला असंच दोनदा परत पाठवलं. गालांवर डाग होते. “उन्हात रापलीय,” घरचे म्हणाले, मीही मान डोलावली. तिसऱ्यांदा आली ती सुजलेले पाय घेऊन. तेव्हा कुठे टॉर्च घेऊन मी तिच्या टाळूकडे पाहिलं. मधोमध लाल, उथळ व्रण. “दुखतं का गं?” “काय?” तिला तो असल्याचा पत्ताच नव्हता. लघवीतून प्रथिनं जात होती. ल्युपस हा आजार मूत्रपिंडापर्यंत पोचला होता.

नेहमीचं तोंड येतं ते ओठाच्या आत, जिभेच्या कडेला, आणि तिखट लागलं की पोर नाचतं. ल्युपसचा व्रण बहुधा वर, कठीण टाळूवर असतो आणि बऱ्याचदा दुखत नाही. तक्रारच नाही, म्हणून तो शोधावा लागतो. ‘आ कर’ म्हटलं की आपली नजर घशात जाते. मान मागे टाकायला लाव, उजेड वर मार. नाकपुड्यांच्या आतही बघ.

ल्युपसमध्ये गालांवर फुलपाखरासारखं पुरळ येतं, पण त्याची पुस्तकातली चित्रं गोऱ्या कातडीची. आपल्या सावळ्या पोरांत लाली नाही, जांभळट-तपकिरी छटा दिसते. घरचे वांग समजून मेडिकलमधलं मलम चोळतात. त्यात स्टेरॉइड असलं तर खूण आणखी पुसट होते. पुरळ नाकावरून दोन्ही गालांवर पसरतं, पण नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे येणारी घडी बहुधा कोरी राहते. उन्हाने वाढतं का, केस गळतात का, सांधे धरतात का, तेही विचार.

ल्युपसच्या २०१९च्या आंतरराष्ट्रीय निकषांत तोंडातल्या व्रणाला २ गुण, या पुरळाला ६, आणि एकूण १० लागतात. दोन्ही एकाच गटातले, म्हणून बेरीजही होत नाही. पण ते गुण अभ्यासकांसाठी. तू टेबलावर मोजत बसू नकोस. शंका आली की लघवीची पट्टी आणि रक्तदाब तिथल्या तिथे. मुलांमध्ये हा आजार मोठ्यांपेक्षा जास्त वेळा मूत्रपिंड धरतो.

मग पुण्याच्या ससून रुग्णालयात पाठव. पुणे स्टेशनला उतरलं की जवळच आहे, वाट चुकायची भीती नाही. चिठ्ठीत नुसतं ‘तोंड आलंय’ लिहू नकोस. व्रण कुठे, दुखतो का, पट्टीवर काय आलं ते लिही. पुढे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुरू झालं की घरचे ‘हे तर मलेरियाचं’ म्हणून बंद करतात. ते बंद करू देऊ नकोस, आणि डोळे तपासायची आठवण दे.

लहान मुलांचा रक्तदाबाचा पट्टा खालच्या खणात आहे. टॉर्चमध्ये नवे सेल घातलेत.

तुझी आत्या