तिप्पट इंग्रजीत कशी लिहावी?

बग्रूत किंवा सायकोमेट्रिक परीक्षेला बसणाऱ्या आपल्या मुलांना इंग्रजी शब्द पुष्कळ येतात. गाडी अडते ती आकड्यांच्या तुलनेपाशी. सायकोमेट्रिकच्या इंग्रजी भागात एक वाक्य देऊन त्याच अर्थाचे दुसरे वाक्य चारांतून निवडावयाचे असते. तेथे 'पट' चुकली की उत्तर चुकले. म्हणून आज आम्ही एवढाच विषय घेत आहोत.

एका वर्गात २० मुले, दुसऱ्यात ६०. आपण मराठीत 'तिप्पट' म्हणतो, हिब्रूत 'पी श्लोशा'. इंग्रजीत याची निर्मळ रचना 'थ्री टाइम्स अ‍ॅज मेनी अ‍ॅज'. पण घरी आपण 'तिपटीने जास्त' म्हणतो, बाहेर 'पी श्लोशा योतेर' ऐकतो, आणि मुले 'थ्री टाइम्स मोअर दॅन' लिहून मोकळी होतात. आता 'मोअर' म्हणजे मूळ संख्येवर भर. विसावर तीन विसांची भर घातली तर ८० होतात! बोलण्यात असा अर्थ सहसा कोणी घेत नाही, आणि मेरियम-वेब्स्टरचे कोशकारही या रचनेला चूक म्हणत नाहीत. तेव्हा वाचताना तिप्पटच समजावे. लिहिताना मात्र तपासणारा कडक निघाला तर गुण जातील, म्हणून 'अ‍ॅज'ची जोडी धरावी. 'मोअर' लिहावयाचेच असेल तर फरक लिहावा : 'फॉर्टी मोअर दॅन'. 'थ्री टाइम्स मोअर अ‍ॅज' ही खिचडी मात्र कोणत्याच हिशेबाने चालत नाही.

कमीची बाजू याहून बिकट. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर, इस्रायलचे सुमारे २२ हजार. म्हणजे महाराष्ट्र जवळजवळ १४ पट, 'फोर्टीन टाइम्स अ‍ॅज लार्ज अ‍ॅज'. हेच उलट सांगताना 'फोर्टीन टाइम्स स्मॉलर' लिहू नये. एक पट वजा केली की शून्य उरते, मग १४ पट वजा कशातून करणार? 'वन-फोर्टीन्थ अ‍ॅज लार्ज अ‍ॅज' लिहावे. निम्म्याला 'हाफ अ‍ॅज मेनी अ‍ॅज', दुपटीला 'ट्वाइस अ‍ॅज मेनी अ‍ॅज'.

मोजता येणाऱ्या वस्तूंना 'मेनी' आणि 'फ्यूअर', साखर-पाण्याला 'मच' आणि 'लेस', हे बहुतेकांना पाठ असते. पैसे, अंतर व वेळ यांची एकत्रित रक्कम धरतात, म्हणून 'लेस दॅन फिफ्टी शेकेल्स' हेच बरोबर.

टक्क्यांत आणखी एक खोच आहे. जानेवारी २०२५ मध्ये येथील मआम कर १७ वरून १८ टक्के झाला. ही वाढ 'वन पर्सेंट' नव्हे, 'वन पर्सेंटेज पॉइंट'. टक्केवारीनेच सांगावयाचे तर १७ वर १, म्हणजे जवळजवळ ६ टक्के. तसेच वरच्या उदाहरणातील ६० हे विसाचे ३०० टक्के, पण विसापेक्षा २०० टक्क्यांनी जास्त.

शेवटी, तुलना सारख्याशी सारख्याची हवी. मुंबईची लोकसंख्या तेल अवीव शहराशी नव्हे, तेल अवीवच्या लोकसंख्येशी ताडावयाची. त्यासाठी 'दॅन'नंतर 'दॅट ऑफ' हे दोन शब्द घालावे लागतात.