अलक लिहायची, तर मोठी कथा कशाला वाचायची?

प्रश्न : मी व्हॉट्सअॅपच्या एका गटात अलक, म्हणजे अति लघुकथा, लिहिते. लगेच ‘वा, क्या बात है’ येतं, पण आठ दिवसांनी तीच अलक वाचली की नुसता चोथा वाटतो. मैत्रीण म्हणते, चांगल्या कथा वाच. शंभर शब्दांचं लिहायला वीस पानांचं वाचून काय मिळणार?
— एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : मिळतं, फक्त काय पाहायचं ते ठाऊक हवं. बहुतेक अलक शेवटच्या ओळीसाठी लिहिल्या जातात. आधी ती ओळ सुचते, मग तिच्या पुढ्यात चार वाक्यं आणून बसवायची. धक्का एकदा बसला की संपलं. दुसऱ्या वाचनाला हाती काही उरत नाही.

ही कलाटणीची हौस जुनीच आहे. ना. सी. फडक्यांचं लेखनतंत्रावरचं ‘प्रतिभासाधन’ १९३१ चं. गुंतागुंत, उत्कंठा आणि शेवटची कलाटणी हे तंत्र तेव्हा कथालेखकांच्या अंगवळणी पडलं होतं. पुढच्याच वर्षी ‘वागीश्वरी’ मासिकात ‘अम्मा’ नावाची कथा आली. लेखक वामन चोरघडे, नरखेडचे, वय अठराच्या आसपास. पुढे ते तुमच्या वर्ध्यातच कॉमर्स कॉलेजात शिकवायला होते; १९७९ च्या चंद्रपूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. त्यांच्या कथा आटोपशीर असतात. घडतं थोडंसं, एखाद्या माणसाच्या मनाची एखादी अवस्था दिसते आणि कथा थांबते. आजची अलक स्वतःला नवी म्हणवते. मला ती पुष्कळदा चोरघड्यांच्याही मागं, त्या कलाटणीपाशी, गेलेली दिसते.

त्यांची एक कथा घ्या. वाचून पुस्तक मिटा आणि आठवेल तेवढं पाच ओळींत लिहा. मग पुन्हा उघडून ताडून पाहा. तुमच्या ओळींत घटना उतरलेली असेल. निसटलेलं असेल ते बोलण्याचं वळण, हातातली वस्तू, मध्येच सोडून दिलेलं वाक्य. अलकेत घटनेला जागा कमीच असते, तेव्हा या निसटलेल्यातलंच एखादं उचलावं लागतं.

आता तुमच्या गावचंच घेऊ. एका शेतकऱ्याची कापसाची बंडी बाजारात लागली. ग्रेडरनं कापूस मुठीत दाबला. ‘ओला आहे,’ म्हणाला आणि भाव पाडला. इथं गटातली अलक काय करील? ‘त्याला कुठं ठाऊक, ती ओल आसवांची होती!’ पन्नास अंगठे येतील. पण आसवांनी बंडीभर कापूस भिजत नाही, हे हिंगणघाटच्या माणसाला सांगायला नको. ती ओळ काढा आणि असं करून पाहा : घरी बायकोनं विचारलं, ‘काय भाव लागला?’ ‘नेहमीचाच,’ तो म्हणाला आणि बैल सोडायला गेला. यात रडणं कुठंच नाही. तो खोटं बोलला, एवढंच वाचकाला कळतं. का बोलला ते वाचकानं शोधायचं.

याहून जुनी शाळा हवी असेल, तर केसोबासांचा ‘दृष्टान्तपाठ’ काढा. तेराव्या शतकातला ग्रंथ. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टान्त आहेत त्यात. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचाही. कित्येक तर पाच-सहा ओळींतच आटोपतात. मांडणी अशी की आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक, म्हणजे उलगडा. धर्म सांगायचा तर उलगडा लागणारच. तुम्ही मात्र पहिला आणि तिसरा भाग हातानं झाका आणि मधला तेवढा वाचा. एकही विशेषण न लावता माणूस कसा उभा राहतो, ते पाहा. आपण अलकेच्या शेवटी जी ओळ जोडतो, ती बहुतेक वेळा दार्ष्टान्तिकच असते.

उर्दूचं वावडं नसेल तर मंटोचं ‘सियाह हाशिये’ही मिळवा. १९४८ चं, फाळणीच्या दंगलींवरचं. काही तुकडे दोन-तीन ओळींचेच आहेत. शेवट त्यातही झोंबतो, पण लेखक हळहळत नाही. मारणारे नि लुटणारे आपसांत बोलतात तेवढंच ऐकू येतं.

महिनाभर गटात काही टाकू नका. लिहिलेलं वहीत राहू द्या आणि आठ दिवसांनी शेवटची ओळ खोडून वाचा. तरीही कथा उभी राहिली, तर महिना संपल्यावर टाका.