राणीच्या ताटातला घास

पोरी, देऊळगाव राजाच्या शिवारात कांद्याचे गोंडे उमलले की बांधावर मधपेट्या मांडायच्या, हा माझा कितीतरी वर्षांचा नेम. यंदा त्यातल्या दहा पेट्या तुझ्या हाती सोपवतोय. काल तू विचारलंस, "आबा, रॉयल जेली काढून विकू का? आणि आजीच्या अशक्तपणावर ती चालेल का?" दोन्ही गोष्टी नीट सांगतो. गाठीला बांधून ठेव.

आधी ती कुणाची आहे, ते ओळख. रॉयल जेली म्हणजे राजान्न. पाच ते पंधरा दिवसांच्या दाई माश्या डोक्यातल्या ग्रंथींतून ती पाझरवतात. माशीचं दूधच म्हण. पहिले तीन दिवस ती सगळ्याच अळ्यांना मिळते, मग कामकरी अळीला मध-पराग मिसळलेला घास सुरू होतो. राणी व्हायची अळी मात्र शेवटपर्यंत राजान्नातच लोळते. म्हणून सोळाव्या दिवशी राणी बाहेर येते आणि कामकरी एकविसाव्या. मेलिफेरा जातीच्या माश्यांची राणी ऐन हंगामात दिवसाला दीड-दोन हजार अंडी घालते, दोन-तीन वर्षं जगते. कामकरी सहा आठवड्यांत झिजून जाते. हे ऐकून माणसाला वाटतं, चमचाभर आपणही खावं आणि आयुष्य वाढवून घ्यावं. पण ते अन्न माशीच्या अळीला घडवतं, आपल्याला नाही.

ताटात मांडून हिशेब कर. राजान्नात साठ-सत्तर टक्के पाणीच असतं. बाकी प्रथिनं, साखर, थोडे स्निग्धांश आणि ब गटातली जीवनसत्त्वं, त्यातही पँटोथेनिक आम्ल जास्त. अन्न कसदार आहे, यात वाद नाही. पण पाच ग्रॅम जेलीत प्रथिनं भरतात अर्धा-पाऊण ग्रॅम आणि तीस ग्रॅम फुटाण्यांत सहा ग्रॅम. आजीला अशक्तपणा आहे ना? मग आधी तिचं रक्त तपासून आण, डॉक्टरांना दाखव आणि रोज डाळ, उसळ, फुटाणे, पालेभाजी पोटात जाऊ दे. जेलीची बाटली त्याच्या नंतर.

रोग बरा करते म्हणणाऱ्याकडून घेऊ नको. कोलेस्टेरॉल, रक्तातली साखर, पाळी थांबतानाचा त्रास यांवर अभ्यास झालेत, काहींत थोडा गुणही दिसला. पण ते बहुतेक लहान आहेत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2011 साली जेलीच्या गुणांचे दावे तपासले आणि मान्य केले नाहीत. म्हणून मधुमेहाची किंवा बीपीची चालू गोळी जेलीच्या भरवशावर कधी बंद करायची नाही.

कुणाला द्यायची नाही, हे पाठ कर. दमा, परागाची ॲलर्जी, मधाचं वावडं किंवा माशी चावल्यावर अंग सुजण्याचा इतिहास असेल त्यानं बोटभरही चाखू नये. जेलीनं दम्याचे जीवघेणे झटके आल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं टाळलेली बरी. वर्षाच्या आतल्या बाळाला जेली नाही आणि मधाचं बोटही नाही.

खरी जेली जिभेला कळते. ती सायीसारखी दाट, पांढरट-पिवळसर असते, आंबट-तुरट लागते आणि जिभेला चुरचुरते. मधासारखी गोड लागली, तर तो मिसळलेला मधच समज. जिभेवरच भागवू नको, प्रयोगशाळेचा दाखला माग. 10-एचडीए हे आम्ल तिची ओळख आहे. ताज्या जेलीत ते किमान 1.4 टक्के हवं. मध फडताळात वर्षानुवर्षं टिकतो, जेली टिकत नाही. काढल्याबरोबर गडद बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवायची, जास्त दिवस ठेवायची तर गोठवायची.

काढायची तर माशीचं पोट भरलेलं असताना. कोवळी अळी कृत्रिम राणीघरात ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी जेली काढून घ्यायची. एका घरात 200 ते 300 मिलिग्रॅम निघते. म्हणजे किलोमागे चारेक हजार राणीघरं! हे काम पाहून येत नाही, हातानं शिकावं लागतं. पुण्याला 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, तिथं चौकशी कर. परागाशिवाय दाईच्या ग्रंथी भरत नाहीत. आपल्याकडे उन्हाळ्यात फुलोरा आटतो. त्या दिवसांत जेली मागणं म्हणजे आटलेल्या गाईला पिळणं. तेव्हा पेट्यांना सावली आणि पाणी द्यायचं, एवढंच.

जेलीपेक्षा माशीची मोठी कमाई गोंड्यावर असते. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतो आणि स्त्रीकेसर मागून तयार होतं. म्हणून फूल आपल्याच परागावर फळत नाही, माशीनं दुसऱ्या फुलाचा पराग आणावा लागतो. बुलढाण्याचं कांदा-बियाणं माश्यांच्या या ये-जा करण्यावर उभं आहे. शेजाऱ्यांना हात जोडून सांग, गोंडे फुललेले असताना फवारणी टाळा, अगदीच अडलं तर माश्या पेटीत परतल्यावर संध्याकाळी करा.

उद्या ऊन चढायच्या आत एकेक पेटी उघड. चौकटीत रंगीत पराग कोंदून भरलेला दिसला, दाई माश्यांची दाटी असली, तर मला हाक मार. पराग विरळ असेल, तर झाकण हलकेच लाव आणि राणीचा घास राणीलाच राहू दे.