टपालाची सुपरफास्ट गाडी आणि तुमचं पार्सल: वेळ नेमका जातो कुठे?

कुरिअरच्या दरांवरचा व्हिडिओ झाल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय, "सर, लवकर पोहोचवणाऱ्याला जास्तीचे पैसे द्यायचे का?" उत्तर देतो, पण आधी थोडं रेल्वेबद्दल.

फ्रान्सच्या टपाल खात्याने 1984 मध्ये खास टपालासाठी टीजीव्ही, म्हणजे तिकडची बुलेट ट्रेन, सुरू केली. पिवळ्याधमक गाड्या, आत एकही सीट नाही, नुसते टपालाने भरलेले चाकांचे पिंजरे. वेग ताशी 270 किलोमीटर. जून 2015 मध्ये ही सेवा बंद झाली. वेग तोच होता, पण लोकांनी पत्रं लिहिणं कमी केलं. आता हिशोब बघा. समजा एका फेरीचा खर्च 1 लाख आहे. 1 लाख पत्रं असली तर पत्रामागे 1 रुपया, 50 हजार झाली की 2 रुपये. गाडी अर्धी रिकामी असली म्हणून खर्च अर्धा होत नाही. डिलिव्हरीसाठी हप्त्यावर टेम्पो घ्यायचं ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आपल्याकडे गाड्यांना "मेल" म्हणतात ते टपालावरूनच. पंजाब मेल 1 जून 1912 ला मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून पेशावरला निघाली. सहा डबे, त्यातले तीन टपालाचे. प्रवासी फक्त 96! विलायतेहून बोटीने आलेलं टपाल घेऊन ती साधारण 2,500 किलोमीटर 47 तासांत कापायची. बोटीचं आणि गाडीचं वेळापत्रक जुळवलेलं होतं, आणि खरी कमाल तिथे होती. बोट आली आणि गाडी दुसऱ्या दिवशी, असं असतं तर त्या वेगाचं काय लोणचं घालायचं?

पण मला सगळ्यात आवडते ती त्याहून जुनी गोष्ट. 1863 मध्ये अलाहाबाद–कानपूर गाडीत चालत्या डब्यातच पत्रांची वर्गवारी सुरू झाली. पुढे 1907 पासून याच कामाच्या खात्याला रेल्वे मेल सर्व्हिस, म्हणजे आपलं आरएमएस, हे नाव मिळालं. गाडी तेवढीच जोरात पळत होती, तरी टपाल लवकर मिळायला लागलं, कारण जो वेळ नुसता बसून जायचा त्यात काम उरकलं जात होतं.

आता आपल्या गावात या. 30 डिसेंबर 2023 ला जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली, नंतर ती नांदेडपर्यंत वाढवली. ती आली तेव्हा औरंगपुऱ्यातल्या माझ्या दुकानात दोन-तीन जणांनी विचारलं, "आता माल सकाळी टाकला की दुपारी दादर ना?" तर नाही. वंदे भारतला पार्सलचा डबाच नसतो.

बरं, असता तरी? एक हिमरू शाल दादरला पाठवायची आहे असं धरा. ऑर्डर सोमवारी संध्याकाळी 7 वाजता आली. मंगळवारी दुपारी पॅक झाली, 4 वाजता बुकिंग, रात्री 8 तास प्रवास, बुधवारी पहाटे मुंबई. तिथे वर्गवारी होऊन डिलिव्हरी बॉय सकाळी 10 ला निघाला आणि 1 वाजता शाल घरी पोहोचली. एकूण 42 तास, त्यातला प्रवास 8 तासांचा. तो बुलेट ट्रेनने 2 तासांवर आणला तर पार्सल मुंबईत लवकर पोहोचेल आणि सकाळी 10 पर्यंत पडून राहील. गिऱ्हाइकाच्या हातात 1 वाजताच!

उलट मंगळवारी बुकिंगची शेवटची वेळ 10 मिनिटांनी हुकली तर? अख्खा दिवस गेला. आणि रविवारी रात्री आलेली ऑर्डर पिनकोडसकट पॅक करून सकाळी दहालाच बुकिंगला दिली, तर काही ठिकाणी त्याच दिवशीची गाडी मिळते. खर्च शून्य.

2022 मध्ये सुरत–वाराणसी मार्गावर रेल्वे आणि टपाल खात्याने रेल-पोस्ट गतिशक्ती सेवा सुरू केली. पार्सल दारातून उचलायचं टपाल खात्याने, मधला प्रवास रेल्वेचा, दारात पोहोचवायचं पुन्हा टपाल खात्याने. म्हणजे मोठ्या खात्यांनाही सांधे जुळवावेच लागतात.

म्हणून जास्तीचे पैसे देण्याआधी कुरिअरवाल्याला तीन प्रश्न विचारा. बुकिंग किती वाजता बंद होतं? बॅग इथून किती वाजता निघते? तिकडे डिलिव्हरी दिवसातून किती वेळा होते? महागड्या सेवेत या तीनपैकी एकही उत्तर बदलत नसेल, तर ते पैसे कशाचे? नाशवंत माल असेल, किंवा लग्नाची, मुहूर्ताची ऑर्डर असेल, तर द्या खुशाल. पण ते गिऱ्हाइकाला आधी सांगून, बिलात वेगळे दाखवून.

गृहपाठ: मागच्या पाच पार्सलांचे ऑर्डर, पॅकिंग, बुकिंग आणि डिलिव्हरीचे वेळ वहीत लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यावरूनच पॅकिंगचं टेबल कसं मांडायचं ते करू.