सातबारा नसलेल्यांचे पाणी

गावात पाणलोट विकासाचे काम मंजूर झाले की, पहिला कागद मागितला जातो तो सातबाऱ्याचा. शेततळे, विहीर, ठिबक संच, फळबाग यांपैकी कोणतीही वैयक्तिक योजना घेतली, तरी लाभार्थी ठरतो तो खातेदार. यात गैर काही नाही. शासनाचा पैसा कोणाच्या शेतात खर्च झाला, याची नोंद राहिलीच पाहिजे. परंतु या एका कागदामुळे कितीतरी माणसे यादीबाहेर राहतात, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीधारकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. पेरणी, खुरपणी, काढणी ही कामे मात्र मोठ्या प्रमाणावर स्त्रियांच्याच हातची आहेत.

पाऊस लहरी झाला आहे. दोन पावसांमधील खंड लांबतात आणि मग काही तासांत शेताची माती वाहून जाते. या बदलाचा फटका सर्वांना बसतो, पण सारखा बसत नाही. विहीर आटली की हंडा घेऊन दूर जाणारी बाईच असते. तिचा मजुरीचा दिवस बुडतो, मुलीची शाळा बुडते. पुढे मराठवाड्यातील कुटुंबे ऊसतोडीस निघतात, तेव्हा नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरला जातो आणि उचल बहुधा पुरुषाच्या नावे होते. बाईचे नाव येथेही कागदावर नसते.

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राने पूर्वीच शोधले होते. १९७२ च्या भीषण दुष्काळात दुष्काळी कामांवर स्त्रिया फार मोठ्या संख्येने आल्या. त्या अनुभवातून आकारास आलेल्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने काम मागण्याचा हक्क ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीला दिला. तिच्याकडे जमीन आहे की नाही, हे विचारले नाही. स्त्री-पुरुषांना मजुरीचा दरही एकच ठेवला.

त्याच दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंके यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. साळुंके हे पुण्याचे अभियंते व उद्योजक होते. त्यांनी पाण्याचा हिशेब जमिनीवरून न करता माणसांवरून केला. माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी आणि एका कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांचे, अशी मर्यादा घातली. उसास बंदी केली. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा होता. खर्चाचा २० टक्के भाग लाभधारकांनी उचलायचा असल्याने योजना आपली आहे, ही भावनाही राहिली. मोठ्या बागायतदाराला हे गणित रुचणे कठीण होते, हे सांगायला नकोच. एक उणीव मात्र नमूद केली पाहिजे. मोजणी माणशी असली, तरी हक्क कुटुंबाला मिळे आणि आपल्याकडे कुटुंबाच्या वतीने बोलतो तो कर्ता पुरुष.

पाणलोटाच्या कामात कुऱ्हाडबंदी व चराईबंदी आवश्यक असते. तिच्यावाचून डोंगरउतारावर गवत धरत नाही. परंतु बंदीचा पहिला भार सरपण वेचणाऱ्या बाईवर आणि चार शेळ्यांवर संसार चालविणाऱ्या भूमिहीनावर पडतो. विहिरींना वाढलेले पाणी मात्र पायथ्याच्या खातेदाराला मिळते. २०१८ पासून पाच हजारांहून अधिक गावांत राबविण्यात आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात भूमिहीन कुटुंबांना शेळीपालनासाठी साहाय्य ठेवण्यात आले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण एका हाताने शेळी दिली आणि दुसऱ्या हाताने गायरान बंद केले, तर ती शेळी आठवडी बाजारात विकली जाईल. म्हणून बंदी संपूर्ण माळावर एकदम न घालता तुकड्यातुकड्याने घालावी आणि राखलेल्या भागातील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांना द्यावा.

मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर काम करणाऱ्या स्त्रियांनी वेगळी वाट धरली. त्यांनी घरच्यांकडून अर्धा ते एक एकर मागून घेतले आणि त्यात नगदी पिकाऐवजी डाळी, भाजीपाला, तृणधान्ये अशी कमी पाण्याची मिश्र पिके घेतली. एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते आणि घरात खायला राहते. कोणते बी लावायचे, हा निर्णय बाईने घेणे हाच यातील खरा बदल आहे. तथापि ते शेत सातबाऱ्यावर तिच्या नावे नसेल, तर ठिबकचे अनुदान मागताना तिला पुन्हा नवऱ्याची सही आणावी लागते.

कायद्याने नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावयाची असते. पुष्कळ ठिकाणी ती केवळ इतिवृत्तात होते. पाणलोटाचा आराखडा या सभेपुढे प्रथम ठेवावा. वेळ मजुरीहून परतल्यानंतरची असावी आणि एखादी सभा वस्तीवर किंवा तांड्यावर व्हावी. शाळेतील शिक्षकांनी वरच्या वर्गाच्या मुलांकडून एक साधी नोंद करून घेतली, तरी मोठी मदत होईल: घरात पाणी कोण आणते, उन्हाळ्यात किती खेपा होतात, सरपण व चारा कोठून येतो. ही नोंद आणि बिनजमिनीच्या कुटुंबांची यादी, अशी दोन पाने आराखड्यास जोडूनच तो ग्रामसभेत मंजुरीसाठी मांडावा.