इंटरफेरॉनचे इंजेक्शन : ते काय आहे, कसे बनते, कोणाला लागते

काविळीच्या रुग्णाच्या फाईलमध्ये कधी कधी ‘इंटरफेरॉन’ हा शब्द दिसतो. घरातले घाबरतात. किती इंजेक्शने? दागिने मोडावे लागतील का? बंधू-भगिनींनो, पैशाची जुळवाजुळव करण्याआधी हे औषध समजून घेऊ या.

इंटरफेरॉन मुळात आपल्या शरीरातच तयार होते. एखाद्या पेशीत विषाणू शिरला की ती पेशी हे प्रथिन बाहेर सोडते. ते शेजारच्या पेशींपर्यंत पोचते आणि त्या सावध होतात; विषाणूला आपल्या आत वाढू न देणारी प्रथिने बनवू लागतात. इंटरफेरॉन स्वतः विषाणूला मारत नाही. एका घराला आग लागली की तिथला माणूस ओरडून गल्ली जागी करतो आणि बाकीचे पाण्याच्या बादल्या भरतात, तसेच हे. फ्लूमध्ये ताप येतो, अंग मोडून येते, त्यातही याचा हात असतो.

१९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातील गर्भाच्या आवरणावर उष्णतेने निकामी केलेला फ्लूचा विषाणू सोडला. नंतर त्या आवरणाभोवतीचा द्रव दुसऱ्या ताज्या आवरणाला लावला, तर तिथे जिवंत विषाणू वाढेना. विषाणूच्या कामात अडथळा आणणारे म्हणून इंग्रजीत ‘इंटरफेरॉन’ नाव पडले.

शोध लागला, पण औषध मिळेना. फिनलंडमध्ये कारी कांटेल रक्तदात्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी वेगळ्या करून, त्यांना विषाणू देऊन इंटरफेरॉन काढत. हजारो लिटर रक्त खर्ची पडे आणि हाती चिमूटभर, तेही अशुद्ध माल येई. मग १९८० च्या सुमारास झुरिकमध्ये चार्ल्स वाइसमान यांच्या गटाने माणसाच्या इंटरफेरॉनचा जनुक ई. कोलाय या जिवाणूत बसवला. आपल्या आतड्यात राहणारा हा जिवाणू मोठ्या टाकीत साखर-क्षारांच्या पाण्यावर झपाट्याने वाढतो आणि बसवलेल्या जनुकाप्रमाणे प्रथिन बनवतो. नंतर जिवाणू फोडून, गाळून, टप्प्याटप्प्याने शुद्ध करून ते कुपीत भरतात. आजच्या औषधासाठी कोणाचे रक्त लागत नाही; हे मुद्दाम सांगतो, कारण तशी शंका लोक घेतात. काही प्रकार मात्र जिवाणूऐवजी प्राण्यांच्या पेशी वाढवून बनवतात.

१९८६ साली अमेरिकेत रक्ताच्या एका दुर्मीळ कर्करोगासाठी याला परवानगी मिळाली. पुढे हिपॅटायटीस बी आणि सी, तसेच मज्जासंस्थेच्या मल्टिपल स्क्लेरॉसिस या आजारात वापर झाला. आधी आठवड्यातून तीनदा टोचावे लागे. पेग नावाचा पदार्थ जोडलेले नवे औषध शरीरात जास्त टिकते, म्हणून आठवड्याला एकदा पुरते.

आता मुख्य गोष्ट. हिपॅटायटीस सी साठी पूर्वी सहा महिने ते वर्षभर ही इंजेक्शने घ्यावी लागत, आणि तरी सर्वांना गुण येत नसे. आज बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या घेऊन दहापैकी नऊहून अधिक जण बरे होतात. २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी ची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांवर मोफत आहेत. म्हणून सी साठी कोणी इंटरफेरॉन सुचवले, तर कर्ज काढण्याआधी जिल्हा रुग्णालयात विचारा. बी मध्ये बहुतेकांना रोजची गोळी दीर्घकाळ चालते. निवडक रुग्णांनाच वर्षभराच्या आसपास हे इंजेक्शन देतात. गळ्यातली काविळीची माळ लांबत गेली म्हणून यकृतातला विषाणू कमी होत नाही, रक्त तपासावेच लागते.

इंजेक्शन चालू असेल तर पहिल्या काही दिवसांत तापाला घाबरू नका. पण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात, म्हणून ठरलेली रक्ततपासणी चुकवू नका. आणखी एक त्रास घरच्यांनाच आधी दिसतो : माणूस गप्प होतो, चिडतो, झोपत नाही, जगणे नको म्हणतो. त्याला ‘नाटक करतो’ म्हणू नका, एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. हा औषधाचाच परिणाम असू शकतो. गरोदर बाईने किंवा पोटात पाणी झालेल्या रुग्णाने डॉक्टरांना तसे आधीच सांगावे.

औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. घरी फ्रिज नसेल तर दवाखान्यातच ठेवून तिथेच टोचून घ्या. नेताना बर्फाच्या डब्यात न्या, पण कुपी थेट बर्फाला टेकू देऊ नका. गोठलेले औषध वाया जाते.