खाऊचे पैसे : किती द्यावेत, कुठे ठेवावेत?

मुलांच्या हाती पैसे द्यावेत का, असे विचारणारे बहुतेक पालक ते आधीपासूनच देत असतात. शाळेबाहेरची भेळ, मित्राच्या वाढदिवसाची भेट, हट्टाने घेतलेले पेन, असे सगळे सुटे सुटे चाललेले असते. म्हणून आधी महिनाभर हा खर्च वहीत लिहा. त्यातले जे मूल स्वतः ठरवू शकेल, तेवढेच पैसे ठरलेल्या वारी त्याच्या हातात द्या. घरखर्च फारसा वाढत नाही, पण निर्णय मुलाचा होतो. पैशाचे शिक्षण तिथूनच सुरू होते.

किती द्यावेत?

शहरातले मध्यमवर्गीय घर धरून सुरुवातीला हा अंदाज ठेवा :

- ६ ते ९ वर्षे : आठवड्याला २० ते ३० रुपये (वर्षाला १,०४० ते १,५६०)
- १० ते १३ वर्षे : आठवड्याला ७५ ते १०० रुपये (वर्षाला ३,९०० ते ५,२००)
- १४ वर्षांपुढे : महिन्याला ६०० ते १,००० रुपये (वर्षाला ७,२०० ते १२,०००), बसभाडे आणि रिचार्ज वेगळे

ओढाताण असेल तर याच्या निम्मे द्या, पण वार चुकवू नका. तेवढेही जमत नसेल, तर भाजीची यादी आणि पैसे देऊन मुलाला मंडईत पाठवा. भाव विचारणे, उरलेले पैसे मोजून आणणे हे त्यातूनही येते.

नियम कोणते?

वह्या, फी, डबा, औषधे हा खर्च पालकांचाच. खाऊचे पैसे मंगळवारीच संपले, तर पुढच्या हप्त्यापर्यंत थांबायचे. इथे मन घट्ट करावे लागते, कारण मधेच भर घातली की जपून खर्च करण्याचे कारणच उरत नाही. पैसे परीक्षेच्या गुणांशी किंवा रोजच्या कामांशी जोडू नका. अंथरुणाची घडी घालणे घरातल्या सगळ्यांचेच काम आहे. माळा आवरणे, रद्दी विकून आणणे अशा जादा कामाचा मोबदला जरूर द्या. आठवड्याला हिशेब बघा, पण जाब विचारू नका.

भाऊबीजेची ओवाळणी, पाहुण्यांनी हातावर ठेवलेली नोट हे मुलाचेच पैसे. सांभाळायला घेतलेत, तर वहीत मांडा.

खाते कुठे उघडावे?

रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५च्या परिपत्रकानुसार १० वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना बँका स्वतंत्रपणे खाते चालवू देऊ शकतात. रकमेची मर्यादा बँक ठरवते. त्याहून लहान मुलाचे खाते पालकांमार्फत उघडते. पालक म्हणून आईचे नावही चालते.

खाते उघडण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा : किमान शिल्लक किती, डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क किती, एसएमएसचे किती? समजा, कार्डाचे शुल्क २०० रुपये आहे. १८ टक्के जीएसटी धरून ते २३६ होते. ५,००० रुपये शिल्लकीवर २.५ टक्क्यांनी वर्षाचे व्याज मात्र १२५च. अशा वेळी कार्ड घेऊ नका.

पोस्टातले बचत खाते ५०० रुपयांत उघडते. पाच वर्षांचे आवर्ती ठेव खाते महिन्याला १०० रुपयांपासून आहे. ६.७ टक्के दर धरला, तर भरलेल्या ६,००० रुपयांचे शेवटी सुमारे ७,१३६ होतात. व्याज म्हणजे काय, हे मुलाला त्याच्याच पासबुकात दिसते.

यूपीआयची घाई नको. नोट हातातून जाताना खर्च जाणवतो, म्हणून पहिली काही वर्षे रोखच द्या आणि आपल्या फोनचा पिन मुलांना सांगू नका.

वाढ कधी द्यावी?

वर्षातून एकदा, वाढदिवसाला. मुलाने वही घेऊन बसावे, पैसे कुठे गेले, कशासाठी कमी पडले ते दाखवावे आणि किती वाढ हवी ते सांगावे. मागणी पटली तर वाढवा. नाही पटली, तर घरचा महिन्याचा खर्च त्याच्यासमोर मांडून कारण सांगा.